गिळलेलं वाक्य

दुसऱ्या रात्री अडीच वाजता दवाखान्याच्या खोलीत नात पुन्हा उठली. अर्ध्या तासापूर्वीच पिऊन झाली होती. तरी मुठी चोखत, तोंड इकडेतिकडे वळवत रडायला लागली. लेकीने तिला जवळ घेतलं. उठून बसताना टाक्यांची कळ आली, ती तिने ओठ मिटून सोसली आणि माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. नुसतं बघितलं.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. ‘पुरत नाहीये वाटतं गं हिला.’

ते मी गिळलं. सोपं नव्हतं. ते वाक्य तेहतीस वर्षं माझ्या आत राहिलेलं होतं, आणि बाहेर यायला त्याला ह्याहून चांगली वेळ मिळाली नसती.

१९९० साली, जूनच्या सुरुवातीला, लेक झाली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. सासूबाई प्रेमळ होत्या, आणि शिस्तीच्याही. दर चार तासांनी पाजायचं, मध्ये रडली तर रडू द्यायचं, पोटाला वळण लागतं, असं त्यांनी सांगितलं. रात्री दहानंतर पहाटेपर्यंत पाजायचं नाही. मी घड्याळासमोर बसून राहायची. बाळ रडायला लागलं की माझे कपडे दुधाने भिजायचे, आणि काटा मात्र जागचा हलायचा नाही. महिना झाला तशी ती संध्याकाळी फार किरकिर करायला लागली. अशाच एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “पुरत नाहीये वाटतं गं हिला.” त्या बोलण्यात दोष देणं नव्हतं, काळजीच होती. दुसऱ्या दिवशी बाटली आली. बाटली पिऊन ती गाढ झोपली, आणि ती झोप बघून माझी खात्रीच पटली की कमतरता माझ्यात आहे. एक्केचाळिसाव्या दिवशी दूध आटलं. ‘काहीजणींना नसतंच,’ असं सगळे म्हणाले. पुढे तीस वर्षं मीही तेच म्हणत राहिले.

लेकीला सातवा महिना होता तेव्हा तिच्याबरोबर मी स्तनपानाच्या वर्गाला गेले. तिथल्या बाईंनी सुरुवातीलाच आम्हा आज्यांना पुढे बसवलं आणि म्हणाल्या, “तुमच्या वेळी काय झालं ते आधी सांगा.” एकेकजण सांगायला लागली. जवळजवळ प्रत्येकीच्या गोष्टीत एक घड्याळ होतं, एक बाटली होती आणि कुणाचं तरी एक वाक्य होतं. मला वाटतं, गरोदर मुलींसाठी असे वर्ग घेताना त्यांच्या आयांना आणि सासवांना घरी ठेवणं म्हणजे निम्मं काम सोडून देणं आहे. आजीच्या मताचा स्तनपानावर काय परिणाम होतो याचे अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. त्यांचा आढावा घेणाऱ्यांना दिसलं, की आजी अनुकूल असली तर फायदा होतो, पण ती प्रतिकूल असली तर होणारं नुकसान त्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसून होते.

त्या वर्गात मला पहिल्यांदा कळलं की दूध हे भरून ठेवलेल्या भांड्यासारखं नसतं. ते पिण्याने बनतं. छाती जितकी रिकामी होते तितक्या वेगाने नवं दूध तयार होतं, आणि भरलेली राहिली की शरीर समजतं, आता एवढं नको, आणि हात आखडता घेतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत बाळाने चोवीस तासांत ८ ते १२ वेळा प्यायला हवं. माझी लेक पाच वेळा पीत होती. दूध वाढवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, आणि नेमकं रात्रीचं पाजणं मला बंद होतं. वर बाटली सुरू झाली तेव्हा उरलेल्या वेळाही कमी झाल्या. माझं दूध कमी नव्हतं. ते कुणी मागितलं नाही.

घरी आले, न्हाणीघराचं दार लावलं आणि रडले. सत्तावन्नाव्या वर्षी.

नंतर रागाला जागा शोधत होते तेव्हा ते घड्याळ आलं कुठून हेही वाचलं. न्यूझीलंडमध्ये फ्रेडरिक ट्रुबी किंग नावाचे डॉक्टर होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी बाळाला चार चार तासांनी पाजायचं, रात्री पाजायचं नाही, ही पद्धत लावून दिली, आणि ती परिचारिकांमार्फत दूरवर पसरली. स्वतः ते आईच्या दुधाचे कट्टर पुरस्कर्ते होते. बालमृत्यू कमी व्हावेत म्हणून झटत होते. सासूबाईंना त्यांच्या बाळंतपणात कुणीतरी तोच नियम शास्त्र म्हणून सांगितला, त्यांनी तो पाळला आणि विश्वासाने माझ्या हातात दिला. मग राग कुणावर धरायचा? १ ऑगस्ट १९९० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला, अनाथ बालकांसाठी पंधराव्या शतकात उभ्या राहिलेल्या इनोसेंटी या इमारतीत, अनेक देशांच्या प्रतिनिधींनी एक जाहीरनामा स्वीकारला. प्रत्येक बाळाला पहिले चार ते सहा महिने फक्त आईचं दूध मिळावं आणि प्रत्येक आईला ते देता यावं अशी परिस्थिती असावी, असं त्यात म्हटलं होतं. त्या तारखेच्या आठवणीसाठी १९९२पासून ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात. त्या दिवशी माझी लेक दोन महिन्यांची होती आणि बाटलीने पीत होती.

‘चार ते सहा’चे स्पष्ट ‘सहा’ झाले ते २००१ साली, जागतिक आरोग्य सभेत. आता सांगतात ते असं: जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावं, सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, आणि वरचं अन्न सुरू झाल्यावरही दोन वर्षं किंवा त्याहून जास्त पाजत राहावं. म्हणजे ज्या आजीला चौथ्या महिन्यात वरचं खाणं सुरू करायचं असतं, ती अडाणी नसते. तिला तिच्या वेळी तेच शिकवलेलं असतं. हे तिला कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं, आणि सांगण्याआधी तिचं ऐकून घ्यायला हवं.

तर त्या दुसऱ्या रात्री मला एवढं माहीत होतं, की बाळं दुसऱ्या रात्री अशी सारखी सारखी पितात. आईकडे तेव्हा चीक असतो, घट्ट, पिवळसर, मोजका. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी २ ते १० मिलिलिटर मिळतो. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा, त्यावरून अंदाज करा. पण त्यात बाळाच्या आतड्याला अस्तर लावणारी, जंतूंशी लढणारी द्रव्यं खच्चून भरलेली असतात. बाळापाठोपाठ वार पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं, आणि दोन ते पाच दिवसांत भरपूर दूध उतरतं. तोवर बाळ पुन्हा पुन्हा चोखून त्या दुधाला हाका मारत असतं. संध्याकाळी परिचारिकेने नातीला तपासलं होतं. वजन थोडं उतरलं होतं, पहिल्या दिवसांत उतरतंच. दहा टक्क्यांपर्यंत उतार गेला तर मात्र डॉक्टरांनी नीट लक्ष घालायला हवं. नातीचं तसं काही नव्हतं.

हे सगळं मी त्या वेळी लेकीला सांगितलं नाही. अडीच वाजता कुणाला व्याख्यान नको असतं. तिच्या पाठीशी आणखी एक उशी सरकवली. पायाखाली स्टूल दिलं. पाजायला बसली की तहान लागते आणि हात अडकलेले असतात, म्हणून पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. दिव्यावर ओढणी टाकली. आणि म्हणाले, “छान पितेय. ऐक, गिळतेय.” खरंच ऐकू येत होतं, अगदी बारीक, ‘क्’ असा आवाज. लेकीचे खांदे खाली आले.

आपल्या भाषेत दोन गोष्टी वेगळ्या आहेत, दूध असणं आणि पान्हा फुटणं. गाय पान्हा चोरते असं आपण म्हणतो. ओळखीचा हात नसला, गोठ्यात गडबड असली, वासरू डोळ्यांसमोर नसलं, तर कासेत दूध असूनही ती सोडत नाही. गोठा सांभाळणाऱ्यांना जे कायम माहीत होतं, त्यालाच आता ऑक्सिटोसिन म्हणतात. दूध बनवायचं काम एका संप्रेरकाचं, आणि बनलेलं दूध बाहेर ढकलायचं काम दुसऱ्याचं. दुखणं, भीती, लाज, ताण यांनी हे दुसरं अडखळतं. बाळाचा स्पर्श, वास, रडणं यांनी ते वाहतं. काही आयांना तर नुसतं बाळ आठवलं तरी पान्हा येतो. आता कल्पना करा, बाळंतिणीच्या खोलीत चारजणी बसल्यात, एकजण म्हणते हिच्या आईलाही नव्हतंच, दुसरी म्हणते बाळ वाळलेलं दिसतंय. दूध आत तयार आहे आणि उतरत नाही. मग सगळ्यांचं म्हणणं खरं ठरतं.

त्या दारात कोण येतं आणि कोण नाही, हे बघणं आजीला जमतं, आणि तिने ते आपल्याकडे घ्यावं. वाईटपणा घ्यायला लेकीला किंवा सुनेला लावू नये. “बाळ पितंय, जरा वेळाने,” एवढं मी उंबऱ्यात उभं राहून सांगायची. काहींना राग आला. येऊ दे.

चौथ्या दिवशी दूध उतरलं, छाती दगडासारखी झाली, आणि त्याच दिवशी लेक पाजताना ओरडली. बोंडं लाल झाली होती, चिरली होती. प्यायल्यावर बोंड बाहेर आलं की त्याचं टोक तिरपं, चेपलेलं दिसायचं. मला हात घालायचा मोह अनावर होत होता. बाळाचं डोकं धरावं, छातीवर दाबावं, माझ्या वेळी परिचारिकेने तसंच केलं होतं. पण डोकं मागून दाबलं की बाळ उलट मान मागे टाकतं. आम्ही त्या वर्गाच्या बाईंना बोलावलं. त्या आल्या आणि लेकीजवळ बसल्या, स्वतःचे हात पाठीमागे धरून. पूर्ण वेळ नुसतं बोलल्या. बाळाचं पोट तुझ्या पोटाला. कान, खांदा, कंबर एका रेषेत. नाक बोंडासमोर. थांब, जांभई आल्यासारखं तोंड मोठं उघडू दे. आता तिला तुझ्याकडे आण, तू तिच्याकडे वाकू नकोस. हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, बोंडाभोवतीचा गडद भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतोय आणि खाली कमी, झालं. लेकीच्या चेहऱ्यावरची वेदना गेली आणि तिच्या जागी आश्चर्य आलं.

त्यांचे ते पाठीमागचे हात मी विसरू शकत नाही. त्यांनी धरून लावून दिलं असतं, तर ते त्यांना जमलं असतं. लेकीला ते स्वतःला जमायला हवं होतं, कारण पुढच्या वेळी, दोन तासांनी, त्या तिथे असणार नव्हत्या. त्या दिवसापासून खोलीत शिरताना मीही माझे हात मनातल्या मनात मागे बांधायला शिकले.

मग हातांनी करायचं काय? भरपूर होतं. बाळ प्यायल्यावर माझ्याकडे यायचं, ढेकर काढायला, लंगोट बदलायला, खांद्यावर घेऊन फिरायला. भांडी, कपडे, स्वयंपाक, औषधांच्या वेळा. पुष्कळ घरांत हे उलटं होतं: आजी बाळाला मांडीवर घेऊन बसते आणि बाळंतीण उठून कामं उरकते. आजीला बाळाची ओढ असते, मी ती चांगली जाणते, माझे हात शिवशिवायचे. पण बाळाची जागा त्या दिवसांत आईजवळ, उघड्या त्वचेला त्वचा लागून. त्याने बाळाची ऊब टिकते, श्वास संथ होतो आणि दूधही वाढतं.

टांझानियात हाड्झा नावाचे लोक आहेत, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारे. क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यात राहून नोंदी केल्या. तिथल्या म्हाताऱ्या बायका कडक जमिनीतून कंद उकरण्यात फार कष्ट करतात. आईला नवं बाळ झालं की तिचं कंद गोळा करणं कमी होतं, आणि मग आधीच्या, अंगावरून सुटलेल्या मुलाचं वजन कसं वाढतं हे आजीच्या कष्टांवर ठरतं. मूल होण्याचं वय संपल्यावरही बाई इतकी वर्षं का जगते, याचं एक उत्तर या मंडळींनी त्यात शोधलं. त्याला ‘आजीचा सिद्धांत’ म्हणतात. मला त्यात एक गोष्ट फार आवडली. ती आजी बाळाला पाजत नाही, कसं पाजायचं हे सांगतही नाही. ती उन्हात कंद उकरते, आणि तिकडे तिच्या लेकीला निवांत बसून पाजता येतं.

माझ्या वाट्याच्या कंदांमध्ये एक वही होती. तिच्यात मी ओले लंगोट मोजायची. ‘पुरतंय का’ या प्रश्नाचं उत्तर बाळाच्या रडण्यात शोधायचं नाही. बाळ गरम होतंय म्हणून रडतं, एकटं वाटतं म्हणून रडतं, संध्याकाळी तर बहुतेक बाळं तास दोन तास सारखी पितात आणि मध्ये मध्ये रडतात. हीच ती माझी नव्वद सालची संध्याकाळ. उत्तर लंगोटात असतं. पहिली काळी चिकट शी हिरवट होत चौथ्या पाचव्या दिवशी पिवळी व्हायला हवी, आणि पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा चांगली शू. वजन दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. लेक रात्री घाबरली की मी वही उघडून दाखवायची. “आज सात.” तेवढ्यावर ती झोपायची.

दहाव्या दिवशी मात्र वजन काट्यावर परत आलं नाही, थोडं कमीच भरलं. डॉक्टरांनी सांगितलं, पहिले दिवस पकड चुकलेली होती त्याचा हा परिणाम. प्रत्येक वेळी पाजून झालं की थोडं दूध काढा आणि वाटीने, चमच्याने पाजा, काही दिवस. लेकीचा चेहरा पडला. ते जुनं वाक्य पुन्हा खोलीत आलं, या वेळी तिच्या तोंडून: “आई, मला पुरत नाहीये का गं?” मी म्हणाले, “हे तुझंच दूध आहे. नुसतं वाटीतून जातंय.” चार दिवस दर वेळी वाटी मी धरली. चौदाव्या दिवशी काटा वर गेला.

आणि समजा नसता गेला? हेही सांगितलं पाहिजे. काही बायकांचं दूध खरंच कमी पडतं. छातीची शस्त्रक्रिया झालेली असते, थायरॉइडचा त्रास असतो, बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं, दूध बनवणाऱ्या ग्रंथीच मुळात अपुऱ्या असतात. कधी बाळाची जीभ खाली जखडलेली असते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेलं वरचं दूध बाळाला वाचवतं, वाढवतं. माझ्या भाचीचं तसं झालं. तिच्या भोवतीच्या बायकांनी तिला विचारून विचारून बेजार केलं, की अंगावर का नाही पाजत. आईच्या दुधाच्या कौतुकाचीही अशी काठी होऊ शकते. बाटली धुऊन, उकळून, न बोलता तिच्या हातात देणारी आजी मला तितकीच मोलाची वाटते.

जावयाच्या आई, आमच्या विहीणबाई, पंधराव्या दिवशी आल्या. दिवस उन्हाचे होते. त्या म्हणाल्या, बाळाला दोन चमचे पाणी द्या, घसा सुकेल. लेक माझ्याकडे बघायला लागली. आधीची मी असते तर फटकन ‘आता तसं चालत नाही’ म्हणाले असते. मी विचारलं, “तुमच्या मुलाला द्यायचात?” मग त्यांनी सांगितलं, मुलगा महिन्याचा असताना तापाने फणफणला होता, तेव्हा डॉक्टरांनीच पाणी पाजायला सांगितलं होतं आणि तो वाचला होता. म्हणजे ते दोन चमचे पाणी नव्हतं, ती त्यांची भीती होती. मग मी हळूहळू सांगितलं, की आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं, उन्हाळ्यातही सहा महिने वेगळं पाणी लागत नाही, पाण्याने इवलंसं पोट भरतं आणि दूध कमी प्यायलं जातं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग उठल्या आणि पाण्याचा पेला भरून लेकीला दिला. “तू पी मग.” पुढे दुपार त्यांची झाली आणि रात्र माझी.

एवढं दोघींनीही लक्षात ठेवलं होतं: छातीवर लाल, गरम, दुखरा पट्टा दिसला आणि ताप आला तर वाट बघायची नाही, डॉक्टरांकडे जायचं, आणि पाजणं थांबवायचं नाही. पहिल्या आठवड्यात बाळंतीण उगाच रडते, ते सहसा निवतं. दोन आठवड्यांनंतरही ती उदासच असली, झोप येत नसली, बाळाकडे बघावंसं वाटत नसलं, तर तो आजार आहे, आणि त्याला उपचार असतात. सगळ्यात आधी ते दिसतं ते घरातल्या बाईला.

आता नात पाच महिन्यांची आहे. परवा रात्री पुन्हा जाग आली म्हणून डोकावले. लेक कुशीवर पडून पाजत होती. अंधारातच म्हणाली, “आई, तू मला किती दिवस पाजलंस?”

“एक्केचाळीस.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कसे होते ते दिवस?”

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. किती, का बंद झालं, हे विचारलं होतं. मी तिच्या पायथ्याशी बसले आणि सांगितलं, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एकदा पहाटे तीनला ती रडत होती आणि घरात सगळे झोपले होते. घड्याळात पाजायची वेळ व्हायला दोन तास होते. मी तिला घेऊन अंधाऱ्या माजघरात जमिनीवर बसले, भिंतीला टेकून, दार लोटून, आणि पाजलं. चोरून. ती इतकी शांत पीत होती. तिचा एक हात माझ्या गळ्याशी होता, बोटं उघडायची, मिटायची. बाहेर कुणाची चाहूल लागली की मी श्वास रोखायची. उजाडेपर्यंत तशीच बसले होते.

नातीने छाती सोडली. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता. लेकीने तिला उचललं आणि माझ्याकडे दिलं.

“ढेकर काढतेस?”